खारीचा वाटा, पण किती?

वाचकाचं पत्र (नाव-गाव काढून, थोडं आटोपतं करून):

"बॉस्टनच्या पश्चिमेला आमचं घर आहे. मागे डेक (लाकडी ओटा), थोडी बाग, बागेच्या टोकाला जुना दगडी गडगा आणि त्यापलीकडे ओकची झाडं. यंदा चिपमंकांनी, म्हणजे बिळात राहणाऱ्या इथल्या छोट्या पट्टेरी खारींनी, नुसता उच्छाद मांडला आहे. पुढच्या पायऱ्यांखाली बीळ, डेकच्या कडेला दोन, गडग्यात किती असतील देव जाणे. दहा-बारा जण तरी नक्की आहेत. टोमॅटोला एकेक चावा घेऊन टाकून देतात. गेल्या ऑक्टोबरात ट्यूलिपचे ऐंशी कंद लावले, उगवले मोजून अकरा. अंगणातल्या पायवाटेची एक फरशी खचली, तेव्हापासून नवरा म्हणतो, आज फरशी, उद्या घराचा पाया. शेजारच्या आजोबांनी त्याला बादलीत पाणी भरून वर सूर्यफुलाच्या बिया तरंगवायचा उपाय सांगितला आहे. सासूबाई एप्रिलपासून आमच्याकडे आहेत, ऑक्टोबरात वाईला परत जातील. त्या रोज सकाळी डेकच्या पायरीवर मूठभर शेंगदाणे ठेवतात. म्हणतात, रामाची खार आहे, तिला उपाशी कसं ठेवायचं. मी मधला मार्ग काढला. पिंजरा आणला आणि पकडून दहा मैलांवरच्या तळ्याकाठी नेऊन सोडायला लागले. चार सोडले. गेल्या मंगळवारी मीटिंगांच्या गडबडीत पिंजरा बघायचाच राहिला. संध्याकाळी पाचवा आत मरून पडला होता. तो आधी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने पाहिला. ती माझ्याशी धड बोलत नाही. सासूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. नवरा म्हणतो, एका उंदरावरून एवढं कशाला. न मारता यांचा बंदोबस्त कसा करायचा, आणि घरातलं हे कसं निस्तरायचं?"

सप्रेम नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. तुम्ही विचारलंय बिळांबद्दल, पण मनाला लागलाय तो मंगळवार. म्हणून आधी त्याचं बोलू. पिंजरा उन्हात राहिला आणि एक जीव गेला. ही चूक झाली, तिला चूकच म्हणू या. "एक उंदीर" म्हटल्याने ती लहान होत नाही, आणि त्यापायी रात्र-रात्र जागून तुम्ही ती मोठीही करू नका. जेमतेम शंभर ग्रॅमचा प्राणी, तारेच्या पिंजऱ्यात, ना सावली ना पाणी. त्याला उन्हात फार वेळ लागत नाही. ज्यांच्या घरी असा पिंजरा आहे त्या सगळ्यांनी एवढं पाळावं: तासा-तासाला जाऊन बघणं जमणार नसेल त्या दिवशी पिंजरा लावूच नये.

या पापात मीही वाटेकरी आहे. इथे येऊन मला दुसराच उन्हाळा होता. एका जूनमध्ये सात चिपमंक पकडले आणि मागच्या सीटवर जुनी चादर अंथरून, एकेकाला घेऊन, एका जलाशयाच्या काठी सोडून आले. परतताना दरवेळी गाडीत किशोरीताई लावायची. इतकं छान वाटायचं! आपण मारलं नाही, उलट जंगल दिलं. पुढे या प्राण्याबद्दल वाचत गेले तसा तो आनंद ओसरला.

चिपमंक हा कोठीवर जगणारा प्राणी आहे. त्याच्या शास्त्रीय नावातला 'टॅमियास' हा ग्रीक शब्द, अर्थ कोठीचा कारभारी. आपल्याकडे असता तर आडनाव कोठावळे असतं. थंडीसाठी तो अंगावर चरबी चढवत नाही, बिळात धान्य भरतो. हिवाळ्यात सलग झोपतही नाही. काही दिवस गारठून पडतो, मग उठून कोठीतलं खातो, पुन्हा पडतो. म्हणजे बीळ हे त्याचं घर, पेव आणि पेन्शन, सगळं एकच. ते सोडवून त्याला दहा मैलांवर ठेवलं, की त्याला वाट माहीत नसते, ससाण्यापासून लपायची जागा माहीत नसते, आणि आसपासची बरी जागा आधीच दुसऱ्या कुणाची असते. त्यातून तुमच्या भागात त्यांची दुसरी वीण साधारण जुलैअखेर ते ऑगस्ट या दिवसांत होते. पकडलेली मादी असेल, तर मागे बिळात डोळे न उघडलेली पिल्लं राहतात. आपण सोडून आलो ते जंगल आपल्या नजरेत सुंदर होतं, एवढंच.

आणखी एक गोष्ट तुम्हाला बहुधा कुणी सांगितली नसेल. मॅसॅच्युसेट्समध्ये पकडलेला वन्यप्राणी दुसरीकडे नेऊन सोडायला कायद्यानेच मनाई आहे. पकडला तर त्याच आवारात सोडायचा. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, ओंटारिओ असं कुठे कुठे राहणाऱ्या वाचकांनी आपापल्या वन्यजीव खात्याचा नियम आधी बघावा. प्रत्येक ठिकाणी तो वेगळा आहे, आणि "हार्डवेअरच्या दुकानात पिंजरा मिळतो म्हणजे चालत असेल" हा हिशेब खरा नाही.

आता "दहा-बारा जण" या आकड्याकडे येते. चिपमंक एकलकोंडा असतो. आई आणि पिल्लं सोडली तर एका बिळात एकच राहतो, आणि बिळाच्या तोंडापासून पन्नासेक फुटांत दुसऱ्याला फिरकू देत नाही. मात्र एकाच बिळाला तोंडं अनेक असू शकतात आणि बोगदा वीस-तीस फूट लांब जातो. डेकच्या कडेच्या दोन भोकांचा मालक एकच असण्याची शक्यता बरीच आहे. तोच दिवसभर चाळीस फेऱ्या मारतो आणि आपल्याला फौज दिसते. एरवी फटकून राहणारे पाच-सहा जण एका ठिकाणी खरोखरच जमत असतील, तर तिथे काहीतरी वाढून ठेवलेलं असतं. काय ते तुम्हाला माहीत आहेच.

दुसरं असं की, एखादा नेला तर त्याची जागा रिकामी पडत नाही. तयार बीळ, शेजारी गडगा, वर ओक: ही जागा लवकरच भरते. ज्या वर्षी ओकला एकॉर्नचा, म्हणजे त्याच्या टणक फळांचा, बहर येतो, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात चिपमंक जास्त दिसतात. न्यू इंग्लंडमध्ये २०१९ च्या शरदात एकॉर्न मुबलक होते आणि २०२० च्या उन्हाळ्यात जो तो चिपमंकांबद्दलच बोलत होता. हा आकडा ओकच्या हातात आहे, तुमच्या पिंजऱ्याच्या नाही.

तुमच्या यजमानांची पायाची भीती खोटी म्हणून उडवून लावणार नाही. संख्या खूप वाढली तर फरसबंदीखाली, पायऱ्यांखाली, मातीला आधार देणाऱ्या भिंतींखाली पोखरण होऊन नुकसान होऊ शकतं. पण बहुतेक घरांत हा उपद्रव त्रासापुरताच राहतो. ओतीव काँक्रीटचा पाया दोन इंच रुंदीच्या बोगद्याने हलत नाही. फरशी खचली तिथे मात्र एकदा पावसात छत्री घेऊन उभं राहा. छपराचं पाणी आणणारा पाइप कुठे ओततोय ते बघा. तो पायवाटेजवळ ओतत असेल तर माती वाहून नेण्याचं काम पाणी करतंय. बिळाने फार तर त्याला वाट दिली असेल. पाइपला चार-सहा फुटांचा जोड लावून पाणी लांब सोडलं की निम्मा प्रश्न तिथेच मिटतो, तोही कुणाला न पकडता.

आणि भोक चिपमंकाचंच आहे ना, हेही बघून घ्या. त्याचं तोंड दोनेक इंचांचं, गोल, स्वच्छ, आणि बाहेर मातीचा ढीग नाही. उकरलेली माती तो गालात भरून दूर टाकतो, इतका नीटनेटका. तोंड याहून मोठं, बाहेर माती पसरलेली, कडा तेलकट गुळगुळीत असतील तर घूस-उंदराचा संशय घ्या. तो विषय वेगळा आणि तातडीचा आहे. फूटभर रुंद भगदाड आणि बाहेर मातीचा ढिगारा म्हणजे ग्राउंडहॉग, बिळात राहणारा त्याचा जाडजूड भाऊबंद. बीळ वापरात आहे का हे कळायला वर्तमानपत्राचा चुरगळलेला बोळा तोंडात सैल घालून ठेवा. दोन-तीन दिवसांत तो बाहेर फेकलेला दिसला, तर आत कुणीतरी नांदतंय.

ट्यूलिपच्या बाबतीत तुमचा आरोप बहुधा खरा आहे, जरी करड्या खारीही त्यातल्याच. ताजी भुसभुशीत माती आणि खाली गोडसर कंद, म्हणजे आपण पान वाढूनच ठेवतो. यावर जुना आणि खात्रीचा उपाय आहे डॅफोडिल. त्याचा कंद विषारी असतो, त्याला कुणी तोंड लावत नाही. ॲलियम म्हणजे कांद्या-लसणाची शोभेची भावंडं, तीही सुरक्षित. ट्यूलिपच हवे असतील तर कंद लावल्यावर वर तारेची जाळी आडवी अंथरा, वाफ्याच्या कडेपासून फूटभर बाहेर येईल इतकी, आणि तिच्यावर माती. वसंतात कोंब जाळीतून वर येतील एवढी भोकं तिला हवीत. कंद लावताना पडलेली सालं उचलून टाका. त्या वासानेच पत्ता कळतो.

टोमॅटोचं मात्र आधी खात्री करून घेऊ. पानं-देठं कात्रीने कापल्यासारखी तिरकी तुटली असतील तर ससा. ओरबाडून फाटली असतील तर हरीण, कारण त्याला वरचे पुढचे दात नसतात. जमिनीलगतच्या फळाला छोटा चावा घेऊन सोडून दिलेलं असेल तर चिपमंक किंवा खार. उन्हाळ्याच्या कोरड्या आठवड्यांत असे चावे वाढतात. त्यांना फळापेक्षा त्यातला रस हवा असतो, असं बरेच बागवाले म्हणतात. गडग्याजवळ पाण्याची उथळ थाळी ठेवून बघा, खर्च शून्य. आणि आंबा पाडाला लागला की आपण उतरवून अढीत घालतो, तसं टोमॅटोने जरा रंग धरला की खुडा आणि स्वयंपाकघरात पिकवा. चवीत फारसा फरक पडत नाही. माझे शेजारी हे मान्य करत नाहीत, पण त्यांचे टोमॅटो चिपमंक खातात आणि माझे मी खाते.

आता सासूबाई आणि शेंगदाणे.

तुमच्या पत्रात एक गंमत दिसली. सासूबाईंच्या वाक्यांत ती खार आहे, बाकी सगळीकडे तो चिपमंक. घरातलं भांडण या लिंगबदलातच आहे, असं मला वाटून गेलं. सासूबाईंना पट्टे दिसतात आणि सेतू बांधणारी, वाळूत लोळून अंग झटकणारी, रामाने पाठीवरून बोटं फिरवलेली खार दिसते. एप्रिलपासून परक्या देशात, गाडी चालवता येत नाही, शेजारणीशी बोलता येत नाही, आणि रोज सकाळी ओळखीचं कुणीतरी पायरीवर येतं. ते शेंगदाणे एकट्या खारीसाठी नाहीत. म्हणून "आई, शेंगदाणे बंद" एवढंच सांगून भागणार नाही.

पण ही आपली खार नव्हे, हे त्यांना सांगायला हवं. आपली खार झाडावर घरटं करते. आंब्याच्या फांदीवर किंवा वळचणीला काथ्या-कापूस गोळा करते, चार जणींत वावरते, आणि बर्फ तिला ठाऊक नाही. हा जमिनीत राहणारा, एकटा, हिवाळ्याच्या भीतीने साठवणारा प्राणी आहे. त्याचं पोट भरलं म्हणून तो थांबत नाही. गाल भरून नेतो, रिकामे करतो, परत येतो. मूठ ठेवा नाहीतर पायली ठेवा, सगळं खाली जाणार. आणि अन्न जिथे मिळतं तिथून जवळात जवळ कोठी खणणं हेच शहाणपणाचं. डेकच्या पायरीवर शेंगदाणे म्हणजे डेकखाली बीळ. सासूबाई दाणे टाकतात आणि तुम्ही पिंजरा लावता, तेव्हा एकाच घरातून त्याला बोलावणं जातं आणि अटकही होते.

वन्यजीवांचे जाणकार म्हणतील, अजिबात खायला घालू नका. त्यांचं बरोबर आहे. मी तुम्हाला जमेल असं सांगते. पायरी बंद, हातावरून देणं पूर्ण बंद. घास घेताना बोट चावलं जातं. खारी-चिपमंकांसारख्या लहान प्राण्यांत रेबीज जवळजवळ सापडत नाही, तरी चावा तो चावाच; साबणाने धुवा आणि डॉक्टरांना विचारा. खारे दाणे तर मुळीच नकोत. सासूबाईंची खुर्ची बागेच्या टोकाला, ओकच्या सावलीत हलवा आणि पाण्याची ती थाळी भरायचं काम त्यांच्याकडे द्या. प्राणी तिथेही येतील. दाणे आठवड्या-आठवड्याला कमी करत सप्टेंबरात थांबवा. तेव्हा एकॉर्न पडायला लागतात, त्यामुळे कुणी उपाशी राहत नाही हे सासूबाईंना डोळ्यांनी दिसेल. पक्ष्यांचा दाणा डेकवर टांगला असेल तर तोही घरापासून पंधरा-वीस फूट तरी दूर न्या आणि खाली सांडलेलं झाडून घ्या. अनेक घरांत खरा अन्नछत्र चालवणारा तो बर्ड फीडरच असतो आणि दोष मात्र शेंगदाण्यांना मिळतो.

हे सगळं सासूबाईंशी बोलायचं कुणी? तुम्ही नाही. त्यांच्या मुलाने. तुमच्या पत्रात तो पायाबद्दल बोलतो, बादलीबद्दल बोलतो, उंदराबद्दल बोलतो, पण आईशी बोललेला एकदाही दिसत नाही. सुनेने दाणे बंद केले की वाईपर्यंत गोष्ट वेगळी होऊन पोचते, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्याने सकाळचा चहा घेऊन आईशेजारी बसावं आणि बीळ दाखवावं. तेवढ्याने होईल.

बादलीबद्दल. शेजारचे आजोबा वाईट नाहीत, इथल्या खेड्यांतून हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पण बुडवून मारणं ही सोपी मौत नाही. अमेरिकन पशुवैद्यकांच्या संघटनेच्या मार्गदर्शनातही ते अस्वीकार्य धरलं आहे. आणि नऊ वर्षांची मुलगी ज्या अंगणात खेळते तिथे ती बादली ठेवायची नाही, एवढं कारण मला पुरे आहे. चिकट कागदाचे सापळेही नकोत. त्यावर चिमण्या अडकतात.

विषाचा विचार कुणाच्या मनात आला असेल तर तोही काढून टाका. दुकानातलं उंदराचं विष उंदीर-घुशींसाठी असतं. लेबलात सांगितलंय त्याहून वेगळ्या प्रकारे ते वापरणं हा केंद्रीय कायद्याचा भंग आहे, हे त्या लेबलावरच छापलेलं असतं. शिवाय विष खाल्लेला चिपमंक घुबड किंवा ससाणा उचलतो आणि विष पुढे सरकतं. जो पक्षी फुकटात तुमचं काम करत होता, तोच जातो. आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर डांबरगोळ्यांचा सल्ला फार फिरतो. बिळात डांबरगोळ्या टाकू नका. त्या बंद पेटीतल्या कपड्यांसाठी आहेत, बाहेर मातीत टाकणं बेकायदा आहे आणि लहान मुलांना त्या गोळ्या गोळ्यांसारख्याच दिसतात. आवाजाची यंत्रं घेऊन पैसे घालवू नका. तिखटाचा उपयोग थोडाफार होतो. पक्ष्यांना तिखट लागत नाही आणि चिपमंकाला लागतं, म्हणून पक्ष्यांच्या दाण्यात मिरचीपूड मिसळता येते. वाफ्यावर फवारलेलं तिखट मात्र एका सरीत धुऊन जातं, आणि ते कालवताना शिंका आपल्यालाच.

खरं काम करते ती तारेची जाळी. इथे हार्डवेअर क्लॉथ म्हणतात ती, पाव इंची चौकोनांची, गंज न चढणारी. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी चालत नाही, पिल्लं तिच्यातून आरपार जातात. पायऱ्या आणि डेकच्या कडेने सहा ते आठ इंच खोल चर खणायचा, जाळी उभी उतरवायची आणि तळाशी ती फूटभर बाहेरच्या बाजूला वळवायची, इंग्रजी एल अक्षरासारखी. खणणारा प्राणी भिंतीशी येऊन खाली जातो, जाळीला आपटतो, आणि मागे सरकून पुन्हा खणायचं त्याला सुचत नाही. वीकेंडभराचं काम आहे. यजमानांना पायाची काळजी आहेच, हे त्यांच्याकडे द्या. त्यांना काहीतरी करायचंय. बादलीपेक्षा हे बरं.

पण हे आत्ता लगेच करू नका, कारण ऑगस्टात आत पिल्लं असू शकतात. जाळीने तोंड बंद केलं तर मंगळवार पुन्हा घडेल, फक्त दिसणार नाही. सर्वांत चांगली वेळ जूनच्या अखेरीची: वसंतातली पिल्लं बाहेर पडलेली, दुसरी वीण व्हायची, खायला भरपूर. ती यंदा गेली. पायऱ्या खरोखरच खचत असतील तर सप्टेंबरच्या शेवटी करा. तेव्हा पिल्लं मोठी झालेली असतात आणि नवी कोठी भरायला थोडे आठवडे हातात असतात. कागदाचा बोळा घालून आत कुणी नाही याची खात्री करून मगच बुजवा. पायऱ्या ठीक असतील, आणि मला वाटतं त्या ठीक आहेत, तर पुढच्या जूनपर्यंत थांबा. घराच्या भिंतीला टेकून लाकडाची रास किंवा दाट झुडपं असतील तर ती आत्ताही हलवता येतील. त्यामुळे त्याला घराकडे यायचा आडोसा राहत नाही.

गडग्याला मात्र हात लावू नका. शेतातले दगड वेचून जुन्या शेतकऱ्यांनी चुना-माती न लावता रचलेल्या या भिंती, आपल्या कोकणातल्यासारख्याच. तिथे राहायचा हक्क चिपमंकाचा आहे असं मी तरी धरून चालते. दोनच काळज्या घ्या. लाइम आजाराचे जंतू पांढऱ्या पायांच्या उंदरांत आणि चिपमंकांतही असतात आणि काळ्या पायांची गोचीड ते माणसापर्यंत आणते. गडग्याजवळ खेळून आल्यावर मुलीची मान, कानामागची जागा, काखा, गुडघ्यामागची बाजू रोज तपासा. सासूबाईंचीही, खुर्ची तिकडे नेताय म्हणून. दुसरं, बेसमेंटच्या खिडकीबाहेर जो खड्डा असतो त्यात एक फळी तिरपी टाकून ठेवा, म्हणजे आत पडलेला प्राणी चढून येईल. कधी घरातच घुसला तर मागे धावू नका. आतली दारं लावा, बाहेरचं एक उघडं ठेवा आणि खोलीतून निघून जा. तो जातो.

राहिली तुमची मुलगी. तिला पटवून देऊ नका. "मम्माला मीटिंग होती" हे कारण तिने ऐकलं असेलच. कारण न देता सांगा की पिंजरा बघायचा मी विसरले, त्यामुळे तो मेला, आणि पिंजरा आता आपण वापरणार नाही. मग तो तिच्यासमोर बांधून गॅरेजमध्ये ठेवा किंवा टाकून द्या. गेलेल्याला पुरलं नसेल आणि तिला गडग्याशी एखादा दगड ठेवावासा वाटला, तर ठेवू दे.

तिला एक काम देता येईल. चिपमंकाचे धोक्याच्या इशाऱ्याचे दोन मुख्य आवाज असतात: जमिनीवरून मांजर-कोल्हा आला तर उंच 'चिप चिप', आभाळातून ससाणा आला तर घोगरं 'चक चक'. वही घेऊन आजीबरोबर बसायचं, कोणता आवाज कधी आला ते लिहायचं, आणि प्रत्येक बिळाच्या तोंडाला क्रमांक देऊन नकाशा काढायचा. आठ-दहा दिवसांत तुम्हाला खरा आकडा कळेल. मी तीन म्हणते.

शिवाय आजीकडे रामाची गोष्ट आहे, तर नातीने आजीला इथली सांगावी. इथल्या मूळच्या इरोक्वा लोकांत ती सांगतात. अस्वलाने फुशारकी मारली की उद्याचा सूर्य मी उगवू देणार नाही. सूर्य उगवला. सगळे गप्प बसले, चिपमंक मात्र अस्वलाला चिडवत राहिला. अस्वलाने त्याला पंजाखाली धरलं, तो निसटला, आणि निसटताना पाठीवर नखं ओढली गेली. पट्टे तेच, पण एका गोष्टीत मायेने फिरवलेल्या बोटांचे आणि दुसरीत थोडक्यात वाचल्याचे. सासूबाईंना ही आवडेल असा माझा अंदाज आहे. त्या म्हणतील, अस्वल म्हणजे रावणच की.

सासूबाईंचं विमान ऑक्टोबरात आहे आणि कंद लावायचे दिवसही तेच. त्या असतानाच लावा, तिघींनी मिळून. डॅफोडिल साठ, ट्यूलिप वीस, ट्यूलिपवर जाळी. उगवतील तेव्हा त्यांना फोटो पाठवा.